जिवंत पेशीत डीएनए दुरुस्ती बघायचीय – चमकणारा ठिपका दिसला म्हणजे दुरुस्ती चालू आहे असं म्हणायचं का?

पेशीपाखरू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय डीएनए दुरुस्ती. आत्तापर्यंत सगळं काम फिक्स केलेल्या पेशींवर झालं, म्हणजे पेशींना रेडिएशन द्यायचं, ठराविक वेळाने फॉर्माल्डिहाइडमध्ये मारायच्या, गॅमा-एच२एएक्सची (तुटलेल्या डीएनएजवळच्या हिस्टोन प्रोटीनवर उमटणारी खूण) अँटिबॉडी लावायची आणि केंद्रकातले ठिपके मोजत बसायचं. आता सर म्हणतायत हेच जिवंत पेशीत बघ. तुटलेल्या डीएनएजवळ जमणाऱ्या ५३बीपी१ या प्रोटीनला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोड, यू२ओएस या माणसाच्या कॅन्सरपेशींत घाल आणि ठिपका कधी येतो कधी जातो त्याचा व्हिडिओ काढ.

लॅबमध्ये आधीपासून एक प्लाझ्मिड (पेशीत जीन घालायला वापरतात तो गोल डीएनए) होतं ते घालून बघितलं. तर रेडिएशन न देताच निम्म्या पेशींत मोठे मोठे ठिपके! आणि काही पेशी तर इतक्या भगभगीत हिरव्या की आत ठिपका असला तरी दिसणार नाही.

तर प्रश्न असा की ठिपका आला म्हणजे डीएनए तुटला आणि ठिपका गेला म्हणजे जोडला गेला असं छातीठोकपणे म्हणता येतं का? आणि एवढा मोठा जीएफपी शेपटीला लावल्यावर मूळ प्रोटीन आपलं काम नीट करतं हे कशावरून? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोकणकन्या७
विषय डोक्यावरून गेला पण वाचतेय. वाखू साठवली.

हॉलंडकर_मी
छान धागा. मी नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक आहे आणि दिवसभर हेच करतो त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुझ्या भगभगीत पेशींबद्दल. तुझ्या प्लाझ्मिडवर सीएमव्ही प्रमोटर (जीन जोरात चालू करणारा डीएनएचा भाग) असणार, बहुतेक जुन्या प्लाझ्मिडवर तोच असतो. तो प्रोटीन धो धो बनवतो. पेशीत मुळात ५३बीपी१ जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट बाहेरचं झालं की ते केंद्रकभर पसरतं आणि ठिपका त्या उजेडात बुडून जातो. वर हे जादाचं प्रोटीन मूळच्या ५३बीपी१ ची जागा अडवतं, म्हणजे जी दुरुस्ती बघायची तीच तू बदलून टाकलीस.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे अख्खं प्रोटीन न घेता १२२० ते १७११ क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा एवढाच तुकडा एमचेरीला (लाल चमकणारं प्रोटीन) जोडायचा. तुटलेल्या जागेजवळच्या हिस्टोनवरच्या खुणा ओळखणारा भाग याच तुकड्यात आहे त्यामुळे तो ठिपक्यावर बरोब्बर जाऊन बसतो, पण पुढची प्रोटीनं बोलावणारा सुरुवातीचा भाग त्यात नाही, म्हणून ढवळाढवळ कमी. कमी म्हणतोय, शून्य नाही, कारण प्रमाण वाढलं तर हाही जागा अडवतोच. दुसरा रस्ता क्रिस्परने (जीनोम हव्या जागी कापून बदलायचं तंत्र) पेशीच्या स्वतःच्या जीनलाच टॅग, म्हणजे चमकणारी शेपटी, जोडायचा, यालाच नॉक-इन म्हणतात. वेळखाऊ आहे पण मग प्रमाण पेशीच ठरवते. माझं स्पष्ट मत, पीएचडीची तीन-चार वर्षं हातात असतील तर नॉक-इनच कर.

आता खरा प्रश्न. टॅग म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा. घंटेवरून गाय कुठल्या रानात आहे ते कळतं, ती चरतेय की झाडाखाली बसून रवंथ करतेय ते कळत नाही. ठिपका सांगतो की ५३बीपी१ इथे जमलंय, बस्स. दुरुस्ती झाली का, बरोबर झाली का, हे त्याला विचारूच नये.

उनाड_वासरू
आता गाईचं नाव ५३बीपी१ ठेवायला हवं. हाक मारता मारता गुराख्याला संध्याकाळ व्हायची :)

नाना_सातारकर
मी निवृत्त शिक्षक, हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचो. आमच्या वेळी पेशी म्हटलं की कांद्याचा पापुद्रा आणि आयोडीन. पोरी, एक भाबडा प्रश्न विचारतो. हे हिरवं प्रोटीन मुळात आलं कुठून, आणि पेशीला बाहेरून काही न घालता ते चमकतं कसं? आणि डीएनए तुटतो म्हणजे रोज तुटतो का, की रेडिएशन दिल्यावरच?

पेशीपाखरू
नानाकाका, भाबडा कसला, आमच्या तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

जीएफपी मूळचं इक्वोरिया व्हिक्टोरिया नावाच्या जेलीफिशचं. ओसामू शिमोमुरा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बरला जाऊन त्या पकडायचे. १९६१ च्या उन्हाळ्यात जवळजवळ १०,००० जेलीफिशच्या कडा कापून त्यांनी जेमतेम ५ मिलिग्रॅम इक्वोरिन काढलं, ते निळं चमकतं, आणि त्याच्याबरोबर थोडंसं हिरवं प्रोटीन मिळालं तेच जीएफपी. ते अवघं २३८ अमिनो आम्लांचं. ६५, ६६, ६७ क्रमांकाची तीन अमिनो आम्लं आपोआप एकमेकांत गुंतून चमकणारा भाग तयार करतात, त्याला फक्त हवेतला ऑक्सिजन लागतो, दुसरं काही बाहेरून घालावं लागत नाही. म्हणून तर जीन घातला की कुठल्याही पेशीत चालतं. १९९२ ला डग्लस प्रॅशर यांनी जीन क्लोन केला, १९९४ ला मार्टिन चॅल्फी यांनी जिवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवला, रॉजर चिएन यांनी त्यात बदल करून तो जास्त चमकदार केला आणि वेगवेगळे रंग काढले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चिएन यांना.

आणि हो, डीएनए रोजच खराब होतो. नुसत्या पाण्यामुळे आणि शरीराच्या उष्णतेमुळे एका पेशीत दिवसाला साधारण १०,००० ठिकाणी बेस गळून पडतात. हे टोमास लिंडाल यांनी दाखवलं, २०१५ चं नोबेल त्यांना, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना मिळालं.

कोकणकन्या७
प्रॅशर यांना नोबेल का नाही? जीन तर त्यांनी काढला ना?

अणुरेणू
एका नोबेलमध्ये तीनपेक्षा जास्त माणसं बसत नाहीत. पण प्रॅशर यांची कहाणी त्याहून वाईट आहे. पुढच्या कामाला पैसे मिळाले नाहीत तेव्हा त्यांनी तो जीन चॅल्फी आणि चिएन दोघांनाही देऊन टाकला, अगदी मोकळ्या हाताने. नोबेल जाहीर झालं तेव्हा ते अलाबामात हंट्सव्हिलला एका मोटारींच्या शोरूमची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि चिएन यांनी त्यांना सन्मानाने स्टॉकहोमला नेलं आणि नंतर चिएन यांनी आपल्या लॅबमध्ये कामही दिलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडेही प्रोजेक्टचे पैसे संपले म्हणून बाकं सोडून गेलेली किती चांगली मुलं मी बघितली आहेत.

अजून एक. शिमोमुरा १६ वर्षांचे असताना नागासाकीजवळ इसाहायाला होते. ९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्बचा लखलखाट त्यांनी डोळ्यांनी पाहिला, काही क्षण दिसायचं बंद झालं, आणि घरी चालत जाताना काळा पाऊस अंगावर घेतला. आजीने आल्या आल्या आंघोळीला पाठवलं. त्याच माणसाने शोधलेलं प्रोटीन आज रेडिएशनने तुटलेला डीएनए बघायला वापरतात. मी ट्रॉम्ब्याला नोकरी केली, रेडिएशन हा रोजचा विषय, त्यामुळे हे मनातून जात नाही.

नाना_सातारकर
अंगावर काटा आला. धन्यवाद पोरी, धन्यवाद अणुरेणू साहेब.

यीस्टवाला
मूळ प्रश्नाकडे येऊ का? :)

हॉलंडकरांशी सहमत पण एक गोष्ट राहिली. ठिपके मोजून ब्रेक, म्हणजे डीएनए तुटलेल्या जागा, मोजता येत नाहीत. हे आम्हा यीस्टवाल्यांना २००३ पासून माहीत आहे. रॅड५२ या दुरुस्तीच्या प्रोटीनला वायएफपी (पिवळा जीएफपी) लावून यीस्टमध्ये आधी २००१ ला दाखवलं गेलं की ठिपके मुख्यतः एस फेजमध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल होताना, येतात. मग दोन वर्षांनी वेगवेगळ्या जागी ब्रेक केले, त्या जागांना वेगवेगळे रंग दिले आणि बघितलं तर दोन्ही ब्रेक एकाच रॅड५२ च्या ठिपक्यात येऊन बसलेले! म्हणजे ठिपका एक, ब्रेक दोन किंवा जास्त. मायकेल लिस्बी आणि रॉडनी रॉथस्टाइन यांचं काम आहे. माणसाच्या पेशीत गणित वेगळं असू शकतं पण 'एक ठिपका बरोबर एक ब्रेक' हे गृहीत धरून पेपर लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

टॅगने काम बिघडतं का यावर: हो, बिघडतं, आणि ते प्रोटीनप्रमाणे बदलतं. रॅड५२ सोशिक आहे. तुटलेल्या डीएनएवर धाग्यासारखं चढणारं रॅड५१ नाही. रॅड५१ च्या टोकाला जीएफपी लावला की त्याचा धागा नीट बनत नाही, पेशी रेडिएशनला हळवी होते. रॅड५१ चा जिवाणूतला भाऊ रेकए, त्याचंही तेच रडगाणं. रॅड५१ च्या आतल्या भागात, टोकाला नाही, जागा शोधून टॅग बसवला तेव्हा कुठे काम करणारं चमकतं रॅड५१ यीस्टमध्ये मिळालं, तो पेपर २०२३ चा. मधली कित्येक वर्षं लोक अर्धवट काम करणाऱ्या रॅड५१ चे फोटो काढत होते.

उनाड_वासरू
थोडक्यात घंटा जड झाली की गाय लंगडते.

यीस्टवाला
अगदी. आणि लंगडते की नाही हे बघायची पद्धत सोपी आहे, फक्त लोक कंटाळा करतात. मूळ जीन काढून टाकलेल्या पेशी घ्या, त्यात टॅग लावलेलं प्रोटीन घाला आणि रेडिएशन देऊन किती जगतात ते साध्या पेशींशी ताडून बघा. बरोबरीने जगल्या तर टॅग पास. यीस्टमध्ये हे प्लेटवर थेंब ठेवून दोन दिवसांत कळतं. माणसाच्या पेशीत कॉलनी मोजायला दोन आठवडे लागतील पण करायलाच हवं.

बेंचवरची_बाई
मला एक कळत नाही, इतका द्राविडी प्राणायाम कशाला? आमच्या लॅबमध्ये डीआर-जीएफपी वापरतो. पेशीत जीएफपी जीनच्या दोन बिघडलेल्या प्रती असतात, एकीत आय-एससीई१ एन्झाइमची १८ बेसची जागा. एन्झाइम घातलं की तिथेच कट, आणि पेशीने दुसऱ्या प्रतीवरून नक्कल करून दुरुस्त केलं तरच जीएफपी चांगला होतो आणि पेशी हिरवी होते. फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून मोजणारं यंत्र) हिरव्या पेशी मोजा, विषय संपला. ठिपक्याचा अर्थ लावत बसायला नको. दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय हिरवी होतच नाही!

हॉलंडकर_मी
डीआर-जीएफपी उत्तम आहे, मारिया जेसिन यांच्या लॅबचं १९९९ चं काम, अजूनही त्याला तोड नाही. पण ताई, दोन्ही ठिकाणी जीएफपी असला तरी गोष्ट वेगळी आहे. तुमच्याकडे जीएफपी हा निकाल आहे, इथे तो टॅग आहे. तुम्ही दोन दिवसांनी निकाल वाचता, मधल्या वेळात कोण आधी आलं, कोण किती थांबलं, कोण निघून गेलं, काहीच कळत नाही. आणि एन्ड-जॉइनिंगने, म्हणजे तुटलेली टोकं सरळ जोडून, बिनचूक जोडलं तर आय-एससीई१ ती जागा परत कापतं, ते तुमच्या मोजणीत येतच नाही.

बेंचवरची_बाई
मान्य. पण मग तुमचा व्हिडिओ दुरुस्ती पूर्ण झाली का ते सांगत नाही आणि आमचा हिरवा रंग मधलं काही सांगत नाही. धागाकर्तीचा प्रश्न 'दुरुस्ती झाली का' असा आहे, म्हणजे तिला दोन्ही करावं लागेल. नुसत्या व्हिडिओवर कुणी दावा करू नये एवढंच माझं म्हणणं.

पेशीपाखरू
ताई हे फार पटलं. सरांना आमच्याकडे डीआर-जीएफपी पेशी मागवता येतील का विचारते.

बाकी कुणी सांगेल का, न रेडिएशन देता दिसणारे ते मोठे ठिपके कसले?

हॉलंडकर_मी
ते सांगायचं राहिलंच. पेशी जी१ मध्ये (विभाजनानंतरचा, डीएनएच्या नकलेआधीचा टप्पा) असतात का बघ. आधीच्या विभाजनात डीएनएची नक्कल काही ठिकाणी अर्धवट राहते, ते ओझं लेकीकडे जातं आणि जी१ मध्ये ५३बीपी१ त्याभोवती मोठ्या गोळ्यात जमतं. २०११ ला हे नीट मांडलं गेलं. संख्येने थोडे, आकाराने मोठे, तासन्‌तास टिकणारे. रेडिएशनचे ठिपके बारीक आणि पुष्कळ. तुझ्या व्हिडिओत पेशी चक्रात कुठे आहे हे कळायला दुसरा रंग लागेलच. डीएनएची नक्कल करताना लागणाऱ्या पीसीएनए प्रोटीनला टॅग लावलास तर एस फेजमध्ये त्याचे ठिपके स्वच्छ दिसतात. किंवा मियावाकींची फुची पद्धत, जी१ मध्ये लाल आणि पुढे हिरवं. फक्त मग ५३बीपी१ साठी तिसरा रंग शोधावा लागतो.

किरणोपचार
मी कोल्हापूरला रेडिएशन ऑन्कोलॉजीत आहे, लॅबचा अनुभव शून्य पण रोजचा संबंध आहे म्हणून लिहितो.

१ ग्रे (रेडिएशन डोसचं एकक) डोसला एका पेशीत साधारण २० ते ४० डबल स्ट्रँड ब्रेक, म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे तुटणं, होतात आणि सिंगल स्ट्रँडचे हजाराच्या घरात. आम्ही पेशंटला रोज २ ग्रे देतो. दोन डोसमध्ये दिवसाचं अंतर ठेवायचं मोठं कारण हेच की निरोगी पेशी तेवढ्यात बऱ्याचशा दुरुस्त होतात, कॅन्सरच्या पेशी मागे पडतात. दिवसातून दोनदा द्यायचं तर किमान ६ तास मध्ये सोडतो. हे सहा तास आम्ही पुस्तकातून पाठ केलेत. तुम्ही लोक ते डोळ्यांनी बघू शकता हे मला विलक्षण वाटतं. एकदा माझ्या पेशंटच्या मुलाने विचारलं, रोज का यायचं, एकदमच का देत नाही. मी त्याला कागदावर पेशी काढून समजावलं. त्या जागी असा व्हिडिओ असता तर!

शंका: यू२ओएस ही १५ वर्षांच्या मुलीच्या हाडाच्या कॅन्सरमधून १९६४ ला घेतलेली पेशी. तिच्यात बघून निरोगी पेशीबद्दल काय बोलणार?

यीस्टवाला
डॉक्टरसाहेबांची शंका रास्त आहे. म्हणून बरेच लोक आरपीई१ घेतात, डोळ्यातल्या पडद्याच्या पेशी, टेलोमरेज घालून अमर केलेल्या पण कॅन्सरच्या नाहीत. यू२ओएस वापरतात कारण ती सपाट पसरते, केंद्रक मोठं, फोटो छान येतो. फोटो छान येतो म्हणून पेशी निवडणं हे काही बरोबर नाही हे मीही मानतो.

पेशीपाखरू
आमच्याकडे आरपीई१ आहेत! धन्यवाद किरणोपचार सर. आणि व्हिडिओ जमला तर तुम्हाला नक्की पाठवेन, तुमच्या पेशंटना दाखवा.

लेझर_वाला
रेडिएशनची सोय नसली तर ४०५ नॅनोमीटरच्या लेझरने केंद्रकात रेघ ओढता येते, आधी डीएनएला चिकटणारा होएख्स्ट रंग घालून. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवरच होतं, सोर्स शोधत फिरायला नको. पार्प१ हे दुरुस्तीचं प्रोटीन जीएफपी लावून बघितलं तर काही सेकंदांत रेघेवर हजर होतं, डोळ्यांदेखत. एक्सआरसीसी१, तेही दुरुस्तीचंच प्रोटीन, त्याच्या मागोमाग. ५३बीपी१ ला काही मिनिटं लागतात. एकदा बघितलं की वेड लागतं, मी अख्खी रात्र नुसता बघत बसलेलो.

हॉलंडकर_मी
लेझर भारी आहे पण त्याला जपून. एका रेघेत इतकी प्रचंड आणि मिश्र मोडतोड होते की सगळ्याच दुरुस्त्यांची प्रोटीनं तिथे धावतात. कोण आधी येतं हा क्रम लावायला ठीक. पण 'अमुक प्रोटीन डबल स्ट्रँड ब्रेकवर येतं' हे नुसत्या लेझरवर म्हणू नये, रेघेत सिंगल ब्रेक, जळलेले बेस सगळं असतं.

लेझर_वाला
हे मान्य नाही पूर्णपणे. पॉवर कमी ठेवली आणि होएख्स्ट मोजून दिला तर बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. प्रत्येक पेपर लेझरवर झोडपायची फॅशन झालीये.

हॉलंडकर_मी
मग पॉवर मोजून लिहा की. नमुन्याजवळ मीटर ठेवून मोजलेली. 'अमुक टक्के लेझर' असं लिहिलेला पेपर वाचून दुसऱ्या लॅबमध्ये कुणालाही तो प्रयोग करता येत नाही. माझा राग लेझरवर नाही, त्या टक्क्यांवर आहे.

लेझर_वाला
टक्क्यांबद्दल +१.

कोकणकन्या७
मला आता थोडं थोडं कळायला लागलंय. पण एक विचारू? प्रोटीन तिथे जाऊन बसतं, ते एकच प्रोटीन शेवटपर्यंत बसून राहतं का, की बदलत राहतात?

हॉलंडकर_मी
कन्ये, या धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न. आणि इथेच जिवंत पेशीला पर्याय नाही, फिक्स केलेल्या पेशीला हा प्रश्न विचारताच येत नाही.

पद्धत अशी. ठिपक्यातला जीएफपी जोरदार लेझरने विझवून टाकायचा. विझला तो कायमचा. आता ठिपका परत चमकला तर त्याचा अर्थ बाहेरून नवीन, न विझलेली प्रोटीनं आली. नाही चमकला तर जुनीच बसून आहेत. याला फ्रॅप म्हणतात. १९९९ ला रॉटरडॅमच्या गटाने ईआरसीसी१ या कातरणाऱ्या प्रोटीनला जीएफपी लावून हेच केलं. तोवर समज असा की अतिनील किरणांची इजा दुरुस्त करणारी यंत्रणा आधीच जुळलेली, एकसंध मोठी असते. दिसलं असं की ईआरसीसी१ एरवी केंद्रकात मोकळं फिरत असतं, अतिनील किरण दिले की काही प्रमाणात अडकतं, आणि एका दुरुस्तीत साधारण ४ मिनिटं अडकून मग सुटतं. पाठ्यपुस्तकातली आकृती बदलावी लागली.

दुसरं उदाहरण किरणोपचार सरांच्या कामाचं. ओलापारिबसारखी कॅन्सरची औषधं पार्प१ ला डीएनएवर अडकवून ठेवतात असं आपण सगळे म्हणतो. औषध दिल्यावर ठिपका खरंच जास्त वेळ टिकतो. पण २०२० मध्ये जिवंत पेशीत पार्प१-जीएफपीवर फ्रॅप केलं तेव्हा दिसलं की ठिपका टिकला तरी आतले रेणू सारखे बदलतायत, जुने जातायत नवे येतायत. कुठलाही एक रेणू खिळा ठोकल्यासारखा बसलेला नाही. मग 'अडकवणं' म्हणजे नक्की काय यावर भांडणं चालू आहेत आणि चालू राहोत.

किरणोपचार
हे मला अजिबात माहीत नव्हतं. ओलापारिब २०१४ ला ओव्हरीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं तेव्हापासून आम्ही 'ट्रॅपिंग' हा शब्द वापरतोय. उद्या ज्युनिअर मुलांना सांगतो.

अणुरेणू
अवांतर पण राहवत नाही. ज्यांना दुरुस्तीची हौस आहे त्यांनी डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा जिवाणू बघा. १९५६ ला अमेरिकेत ओरेगनला रेडिएशन देऊन निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात हा जिवंत सापडला. ५,००० ग्रे खाऊनही जगतो, माणूस ५ ग्रेला दगावू शकतो. डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत पुन्हा सलग. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. प्लेटवरच्या त्या गुलाबी-लाल वसाहती अजून डोळ्यांसमोर आहेत.

जिवाणूप्रेमी
जिवाणूंचा विषय निघालाच आहे तर धागाकर्तीच्या 'दुरुस्ती पूर्ण झाली हे कसं कळणार' याला एक उत्तर ई. कोलायमधून आलंय. स्वीडनच्या उप्सालाचं काम, २०२१ चं. त्यांनी फक्त दुरुस्तीच्या प्रोटीनला रंग दिला नाही, कापायच्या जागेजवळच्या डीएनएलाही रंगीत खूण केली. कास९ ने (क्रिस्परची कात्री) कापलं की ती खूण नाहीशी होते, दुरुस्त झालं की परत येऊन दोन खुणा वेगळ्या होतात. म्हणजे सुरुवात दिसली आणि शेवटही दिसला. एका पेशीत सगळं मिळून साधारण १५ मिनिटं, त्यातला जुळणारा तुकडा शोधण्याचा वेळ ९ मिनिटांच्या आत. ४६ लाख बेसच्या जीनोममध्ये! आपल्याकडे बंगळूरच्या एनसीबीएसमध्येही कॉलोबॅक्टर जिवाणूत रेकए चा धागा पेशीभर कसा हिंडतो आणि रेकएन हे दुसरं प्रोटीन त्याला कसं हलवतं हे जिवंत पेशीत बघितलंय, ते जरूर वाच.

पेशीपाखरू
वा! म्हणजे घंटा गाईलाही आणि कुंपणालाही. (उनाड_वासरू, तुमचा परिणाम.) माणसाच्या पेशीत डीएनएला अशी खूण करता येते का?

हॉलंडकर_मी
येते. लॅक ऑपरेटर या जिवाणूतल्या डीएनए तुकड्याच्या शेकडो प्रती जीनोममध्ये घालायच्या, त्यावर लॅक रिप्रेसर प्रोटीन जीएफपीसकट बसतं आणि ती जागा ठिपक्यासारखी दिसते, शेजारी आय-एससीई१ ची जागा. २००७ ला उंदराच्या पेशीत असं करूनच दाखवलं की तुटलेली टोकं केंद्रकात फारशी भटकत नाहीत. फक्त एवढ्या पुनरावृत्तीच्या डीएनएवर प्रोटीन घट्ट बसलं की नक्कल करतानाच अडथळा होतो, त्याचा कंट्रोल लागेल.

बेंचवरची_बाई
कंट्रोलचा विषय निघाला म्हणून, कुणी उजेडाबद्दल बोललंच नाही! निळा प्रकाश स्वतःच पेशीत ऑक्सिडेशन करतो आणि डीएनए खराब करतो. दर मिनिटाला ४८८ ची लाइन मारून तासन्‌तास व्हिडिओ काढला तर निम्मे ठिपके मायक्रोस्कोपने केलेले असू शकतात. एक डिश अशी हवीच जिला रेडिएशन नाही पण फोटो तेवढेच काढले, आणि एक अशी जिला रेडिएशन आहे पण शेवटचा एकच फोटो. आमच्याकडे एका मुलाचं सहा महिन्यांचं काम या एका डिशअभावी परत करावं लागलं.

लेझर_वाला
+१००. आणि फिनॉल रेड नसलेला मीडिया घे, पार्श्वभूमी काळी होते मग लेझर कमी चालतो. जीएफपीऐवजी एमनिऑनग्रीन घेतलास तर अजून कमी चालेल, तो बराच जास्त चमकतो. स्टेजवर ३७ डिग्री आणि ५ टक्के सीओटू आदल्या रात्रीपासून चालू ठेव, नाहीतर पहिला तासभर फोकस सरकत राहतो.

नाना_सातारकर
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. नातीला दाखवलं, ती अकरावीला आहे. ती म्हणते आजोबा, मग दुरुस्ती चुकली तर ठिपका लाल होतो का? मी म्हटलं विचारून सांगतो.

जिवाणूप्रेमी
नाना, नातीला शाबासकी द्या. आपोआप लाल होत नाही, पण चूक दिसते. ई. कोलायमध्ये नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या म्युटएल प्रोटीनला वायएफपी लावला की नकलेत चुकलेल्या जागी तो ठिपका बनवतो. जी चूक दुरुस्त व्हायला हवी ती होऊ नये म्हणून पुढची पायरी बंद केलेल्या पेशी घेतात, मग प्रत्येक चूक ठिपका होऊन दिसते, म्युटेशन होताना थेट बघता येतं. २०१८ ला फ्रान्समधल्या गटाने असं पिढ्यान्‌पिढ्या बघितलं आणि दिसलं की बहुतेक म्युटेशननी पेशीचं फारसं काही बिघडत नाही.

नाना_सातारकर
नात म्हणते बायोलॉजीच घेणार. तुम्ही सगळे जबाबदार.

पेशीपाखरू
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरांशी बोलले. ठरलं असं: आरपीई१ मध्ये ५३बीपी१ ला एमनिऑनग्रीनचा नॉक-इन, सोबत पीसीएनए लाल. क्लोन मिळाले की आधी रेडिएशन देऊन कॉलनी मोजायच्या, मगच मायक्रोस्कोप. डीआर-जीएफपी पेशी वेगळ्या मागवतोय, शेवटाचा निकाल त्यावर. आणि बेंचवरच्या ताईंच्या दोन्ही डिशेस पहिल्या दिवसापासून. सर आधी 'इतकं कशाला' म्हणाले, मग यीस्टवाल्यांचा रॅड५१ चा किस्सा सांगितल्यावर गप्प झाले.

एक शेवटचं. नॉक-इन झाल्यावर पेशी सॉर्ट करताना कुठल्या घ्यायच्या? सिनिअर म्हणतो सगळ्यात चमकदार १ टक्का घे.

हॉलंडकर_मी
अजिबात नको! नॉक-इनमध्ये प्रमाण पेशीचं स्वतःचं, त्यामुळे खऱ्या पेशी मंदच असणार. सगळ्यात चमकदार त्याच असतात ज्यांच्यात प्लाझ्मिड भलत्याच जागी घुसलंय. नुसत्या पेशींपेक्षा जेमतेम वर असलेला पट्टा घे, एकेक पेशी ९६ च्या प्लेटमध्ये टाक, आणि वाढल्यावर जोडाच्या दोन्ही बाजूंचं पीसीआर आणि वेस्टर्न (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळं करून दाखवणारी चाचणी) कर. वेस्टर्नवर मूळ बँड पूर्ण जाऊन फक्त वरचा दिसला तर दोन्ही प्रतींना टॅग लागला. ५३बीपी१ खूप मोठं प्रोटीन आहे, वरचा आणि खालचा बँड वेगळे दिसायला कमी टक्क्याचं जेल रात्रभर चालव.

यीस्टवाला
आणि एक क्लोन नाही, निदान तीन घे.